खालचा सूर

ब्याऐंशी साली मुहर्रकात मी साउंडवाल्याकडे होतो.
वायरी गुंडाळायच्या, माइक फडक्याने पुसायचे,
हाक आली की धावायचं.
नाव कुणी विचारलं नाही. मी नुसता 'हिंदी'.
हर्णैला परत आल्यावरच मी पुन्हा जान्या पावसे झालो.

सीफ म्हणजे किनारा. त्या नावाचा पाच पोरांचा गट
तेव्हा नुकता गाजू लागलेला.
गानिम, खलफ, दोघे जुळे, आणि बँकेत कारकून असलेला अदनान.
कडक इस्त्रीचे पांढरे झगे,
आणि पाच गळे एकाच दोऱ्यात ओवलेले.
मोती काढणाऱ्यांची गाणी गायचे ते.
होडीवर जी संपता संपायची नाहीत,
ती त्यांनी चार-चार मिनिटांत बसवली.

कॅसेट निघाली आणि टॅक्स्या गाऊ लागल्या.
सरबताच्या जाहिरातीत वल्ही आली.
हॉटेलात गोरे साहेब टेबलावर ठेका धरू लागले.
एकेकाळी असलं गाणं म्हणणाऱ्याला
चांगल्या घरातली मुलगी मिळत नसे;
आता त्याच घरांतल्या पोरी
वहीत शब्द उतरवून घेत होत्या.
यात मला खोट दिसत नाही.
विसरायला बसलेल्या गावाला त्यांनी हाताला धरून उठवलं,
एवढं कोण करतं?

एका गुरुवारी तालमीला खलफचा आजा आला.
सालमीन. बुड्या मारून मारून
दोन्ही कान समुद्राला देऊन बसलेला.
पोरांनी खुर्ची दिली, वेलचीचा कहवा दिला,
आणि त्याला ऐकू येत नाही म्हणून
जास्तच मनापासून गायली.

म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला,
उठला,
आणि बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा
स्पीकरच्या खोक्यावर पंजा ठेवला.
बराच वेळ.
मग म्हणाला, खाली कोणी नाही.

गानिम हसला. जुळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.
मला मात्र पोटात कळलं.
आमच्याकडे रापण ओढताना
पुढचा एक जण शब्द टाकतो,
मागचे वीस जण शब्द म्हणत नाहीत,
नुसते हुंकारतात, बेंबीच्या खालून,
दोरासकट वाळूसुद्धा हुंकारते.
इथला नोखदा, तिथला नाखवा,
दोघांचीही उचल बापाकडून मुलाकडे उतरणारी.

टेबलावर एक बारीक बटण होतं.
ते दाबलं की खालची घरघर कापली जाते
आणि गळे धुतल्यासारखे स्वच्छ लागतात.
साहेबाने पहिल्या दिवशी दाबलेलं, ते तसंच.
मी हात लावायचा नव्हता.
लावला.

पण घरघर होतीच कुठे सोडायला?
पाचही पोरं वरच्या अंगाने गायची.
तेव्हा खोक्यावरचा पंजा न काढता
सालमीन माइककडे वळला आणि तोंड मिटून त्याने
तो आवाज लावला. काय सांगू.
गाणं नव्हतं ते.
पायाला दगड बांधून खाली गेलेल्या माणसाचा दोर
वर कोणीतरी धरून आहे,
एवढंच त्यात होतं.
कहव्याचे पेले तबकात वाजायला लागले.
अदनानने घड्याळ काढून खिशात ठेवलं.

त्या तालमीचीही कॅसेट निघाली.
दुकानदारांनी चाळीस परत पाठवल्या:
टेप खराब आहे, मागे काहीतरी घरघरतं.
पुढच्या खेपेला साहेबाने बटण पुन्हा दाबलं,
आणि ती मात्र दुबईपासून कुवेतपर्यंत खपली.

परत आलेल्यांतली एक माझ्याकडे आहे.
कपाटात, सुक्या बोंबलांचा वास लागलेली.
कधी लावली तर नातू विचारतो,
आजोबा, यात शब्द कुठे आहेत?
मी त्याला स्वयंपाकघरात नेतो.
फळीवरची ताटं दाखवतो.